काकांच्या बुलेटचा पुढचा ब्रेक

काकांच्या बुलेटला पुढचा ब्रेक होता असे म्हणण्यापेक्षा, उजव्या मुठीपुढे एक लिव्हर होते आणि ते दाबले की खाली चाकापाशी काहीतरी कुरकुरत होते, असे म्हणणे अधिक खरे ठरेल. काकांना त्याची कधी अडचण वाटली नाही. 1974 साली घेतलेल्या या साडेतीनशे सीसीच्या गाडीवरून सुताचे नमुने घेऊन ते अक्कलकोट, बार्शी, नळदुर्ग असे सगळीकडे फिरले, आणि त्यांच्या मते पुढचा ब्रेक ही गाडी चढावर उभी करताना धरून ठेवण्याची सोय होती. "चालत्या गाडीला पुढचा ब्रेक मारलास तर डोक्यावर पडशील," हे त्यांचे वाक्य मी सातवीत असल्यापासून ऐकत आलो आहे. ते गाडी थांबवायचे ती उजव्या पायाने गिअर उतरवत, डाव्या पायाने मागचा ब्रेक दाबत आणि मुख्यतः समोरच्या रिकाम्या रस्त्याच्या भरवशावर. (जुन्या बुलेटला गिअर उजवीकडे आणि ब्रेक डावीकडे असतो, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी अशी गाडी मित्राकडून "जरा एक चक्कर" म्हणून मागू नये.)

वयामुळे काकांनी गाडी चालवणे सोडले, आणि ती वाड्याच्या ओसरीत ताडपत्रीखाली अकरा वर्षे उभी राहिली. मी शाळेत विज्ञान शिकवतो. निवृत्तीला थोडा अवधी राहिला असताना काकांनी किल्ली माझ्या हातात दिली. इंजिनाच्या कामाविषयी मी येथे फारसे लिहिणार नाही, कारण 70 मिलिमीटर बोअर आणि 90 मिलिमीटर स्ट्रोकचे ते ओतीव लोखंडी इंजिन फार सोशिक निघाले. कार्ब्युरेटर, पॉइंट, पिस्टनच्या रिंगा आणि वायरिंग एवढ्यावर ते बोलू लागले. रंग आणि क्रोमच्या कामाचे फोटो काढावेत, त्यावर लिहावे असे काही नसते. आणि मीही इतरांप्रमाणेच तीच चूक केली: गाडी चालू कशी होईल यावर सहा महिने घालवले, ती थांबेल कशी याकडे एक रविवारही दिला नाही.

ती चूक सोलापुरातल्या सात रस्ता चौकात लक्षात आली. माझ्यापुढे टॉवेलचे गठ्ठे लादलेला एक टेम्पो होता, वेग ताशी पस्तीसच्या आसपास असेल. टेम्पो थांबला. मी मागचा ब्रेक दाबला, मागचे चाक जागच्या जागी धरले गेले आणि गाडी सरळ घसरत पुढे गेली. त्या क्षणी पुढचे लिव्हर मी पार मुठीला टेकेपर्यंत दाबले होते आणि त्याचा परिणाम शून्य होता. पुढचे चाक टेम्पोच्या फळीवरून बाहेर आलेल्या गठ्ठ्यात रुतून थांबले. सोलापुरी टॉवेलची पाणी शोषण्याची ताकद प्रसिद्ध आहे, धक्का शोषण्याची मी अनुभवली. टेम्पोवाल्याने उतरून आधी गठ्ठा तपासला आणि मग मला.

घरी आल्यावर पुढचे चाक काढले. येथे सावधगिरीची एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. जुन्या काळच्या ब्रेक लायनरमध्ये, म्हणजे ब्रेकच्या घासणाऱ्या थरात, ॲस्बेस्टॉस असायचे, आणि ड्रम उघडल्यावर जी काळपट भुकटी दिसते तिच्यात त्याचे तंतू असू शकतात. ते श्वासावाटे फुप्फुसात गेले तर कर्करोगाला कारण ठरतात. आपल्याकडे गॅरेजमध्ये ड्रम उघडला की पहिली क्रिया म्हणजे त्यावर हवेचा पाइप धरणे किंवा तोंडाने फुंकर मारणे. तसे कृपया करू नये. मी तोंडाला मास्क लावून, पाण्याने भिजवलेल्या फडक्याने सगळे पुसून घेतले आणि ती फडकी पिशवीत बांधून वेगळी टाकली.

आत जे दिसले त्यावरून मला त्या ब्रेकविषयी राग येण्याऐवजी सहानुभूती वाटली. चाकाबरोबर फिरणारा सहा इंची पोकळ ड्रम, त्याला आतून घासणारे दोन अर्धगोल शू, आणि केबल ओढली की फिरून ते शू उघडणारा एक कॅम: रचना अगदी साधी. एका शूवर चाकाच्या बेअरिंगचे ग्रीस झिरपून लायनर तेलकट झाले होते, दुसऱ्याचे घासून काचेसारखे गुळगुळीत झाले होते. कॅमची दांडी तिच्या बुशमध्ये इतकी सुकून बसली होती की ती फिरवायलाच निम्मी ताकद खर्च होत असणार. केबलच्या आतल्या तारांपैकी काही तुटल्या होत्या, आणि बाहेरचे वेटोळे इतके ढिले पडले होते की लिव्हर दाबल्यावर पहिले वेटोळे आवळले जाई आणि मग उरलासुरला ओढा खाली पोहोचे. यावर कडी म्हणजे, लायनर झिजल्यामुळे लिव्हर मुठीला टेकू लागले तेव्हा कोणीतरी कॅमवरचा आर्म काढून एक दाता पुढे बसवला होता. असे केल्याने लिव्हर पुन्हा कडक लागते आणि गिऱ्हाईक खूश होते. परंतु केबल आणि आर्म यांच्यातला कोन बिघडतो. ब्रेक पूर्ण लागलेला असताना हा कोन काटकोनाच्या जवळ असावा लागतो, तरच हाताची ताकद पूर्णपणे कॅमवर उतरते. आमच्या गाडीत तो इतका उघडला होता की ओढ्याचा बराचसा भाग आर्मला फिरवण्याऐवजी नुसता ताणण्यात जात होता.

म्हणजे दोष मूळ रचनेचा किती आणि पन्नास वर्षांच्या हेळसांडीचा किती, हे ठरवल्याशिवाय नवा ब्रेक बसवणे मला अन्यायाचे वाटले. मुलगा म्हणाला, "बाबा, सरळ डिस्क बसवा, एका दिवसाचं काम आहे." मी त्याला आधी जुना ब्रेक दुरुस्त करून पाहतो असे सांगितले, आणि त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर मी वर्गात रोज पाहतो.

नवे लायनर लावून घेणे सोपे होते. अवघड होता तो ड्रम. ड्रम हा हबचाच, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाचाच, हिस्सा असतो. हबवर चाक बांधताना आरे आवळले की ते हबला चहूबाजूंनी ओढतात, आणि सगळ्यांचा ताण सारखा नसेल तर ड्रमची गोलाई बिघडते. म्हणून ड्रम सुटा काढून लेथवर (धातू फिरवत कातणाऱ्या यंत्रावर) घेण्यात अर्थ नसतो. आधी रिम बांधायची, तिचा आउट (डगमग) काढायचा, आणि मग पूर्ण चाकच लेथवर चढवून ड्रमला आतून हलका कट मारायचा. एकोणीस इंची रिम फिरेल एवढे मोठे लेथ साध्या वर्कशॉपात नसते. सोलापुरात ते मिळाले अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, यंत्रमागाचे सुटे भाग करणाऱ्या एका टर्नरकडे, कारण ताण्याच्या (कापडाच्या उभ्या धाग्यांच्या) बीमच्या मोठ्या चकत्या त्यांना नेहमीच चढवाव्या लागतात. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. घरी तेलुगू, कामगारांशी कन्नड आणि माझ्याशी मराठी, असे एका दमात तीन भाषा बोलणारे हे गृहस्थ मोटारसायकलच्या ब्रेकला हात लावायला आधी तयार नव्हते. मग त्यांनी चाक दोन्ही हातांत धरून फिरवून पाहिले.

"मागालापण ब्रेक असतंय सर," ते म्हणाले. "धोटा मधेच अडकला आणि माग जागच्या जागी थांबला नाही, तर ताणा तुटतोय सगळा. मग बसा दिवसभर गाठी मारत." मागाच्या त्या ब्रेकला चामड्याची पट्टी असते आणि ती ड्रमला सगळीकडून सारखी टेकली नाही तर कितीही आवळा, माग दोन फेरे जास्त घेतोच, हे त्यांनी मला सांगितले. सहा महिने इंटरनेटवर वाचून मला जे समजले होते ते त्यांनी चामड्याच्या पट्टीवरून दोन वाक्यांत उरकले.

डायल गेज (बारीक फरक दाखवणारे काट्याचे मापयंत्र) लावल्यावर ड्रमची गोलाई जवळपास 0.4 मिलिमीटरने बिघडलेली निघाली. अण्णांनी आधी आरे पुन्हा सारखे करवून घेतले, मगच कट मारला. शेवटी काटा 0.05 च्या आत हलत होता. त्यानंतरचे काम माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत कमी केले जाणारे आहे. नवे लायनर लावलेला शू आणि तुमचा ड्रम यांची त्रिज्या क्वचितच एक असते. ड्रम घासून मोठा झालेला, शू मापाने लहान, त्यामुळे लायनर फक्त मध्यभागी टेकते आणि दोन्ही टोके हवेत राहतात. अण्णांनी शू ज्यावर बसतात ती ब्रेक प्लेटच शूंसह लेथवर चढवली, कॅम आणि शू यांच्यामध्ये पातळ पत्री घालून शू किंचित उघडे ठेवले आणि लायनर ड्रमच्या मापाला घेतले. घरी आल्यावर मी ड्रमला आतून खडू फासला, चाक बसवून ब्रेक हलका लावत फिरवले आणि उघडून पाहिले. दोन्ही लायनर टोकापासून टोकापर्यंत पांढरी झाली होती. शाळेत इतकी वर्षे खडू वापरला, पण त्याने इतका आनंद कधी दिला नव्हता.

चाक बसवताना एक युक्ती अवश्य करावी: ॲक्सलचा नट ढिला असताना चाक फिरवायचे, ब्रेक जोरात दाबून धरायचा आणि तसाच दाबलेला असताना नट आवळायचा. त्यामुळे ब्रेक प्लेट ड्रमच्या केंद्राशी स्वतःहून जुळते. याला पैसा लागत नाही, फक्त लिव्हर दाबून धरणारा दुसरा माणूस लागतो. तो मुलगा होता आणि त्याने ते काम डाव्या हाताने, उजव्या हातात मोबाइल धरून केले.

विजापूर रस्त्याच्या बाजूला सकाळी साडेपाचला रिकामा मिळणारा एक सरळ पट्टा आहे. तेथे खडूची रेघ मारून, ताशी 40 किलोमीटर वेगाने रेघ ओलांडताच दोन्ही ब्रेक लावायचे आणि थांबेपर्यंतचे अंतर पावलांनी मोजायचे, अशी माझी चाचणी होती. स्पीडोमीटरचा काटा विश्वासार्ह नसल्याने मुलाने मोबाइलवरचा वेग वाचून ती मान्य केली. दुरुस्तीपूर्वी गाडीला चोवीस पावले लागत होती. दुरुस्तीनंतर सोळा लागली. त्याच ड्रमवर, त्याच कॅमवर आणि नव्या टायरच्या किमतीइतकाही खर्च न करता. टायरविषयी म्हणाल तर ते मी आधीच बदलले होते. अकरा वर्षे उभे राहून कडक झालेल्या रबरावर कोणताही ब्रेक फक्त चाक धरू शकतो, गाडी नाही.

येथे थांबायला हरकत नव्हती, आणि माझे काही मित्र, ज्यांच्यासाठी "ओरिजिनल" हा शब्द देवघरातला आहे, त्यांनी तसे सांगितलेही. परंतु मला एक विचार सोडत नव्हता. सहा इंची ब्रेक 1974 च्या रस्त्यासाठी पुरेसा होता, कारण त्या रस्त्यावर पुढे असलेली बैलगाडी, सायकल किंवा एस.टी. हीसुद्धा सावकाशच थांबत असे. एप्रिल 2019 पासून आपल्याकडे 125 सीसीवरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा) सक्तीचे आहे, मोटारींनाही ते असते. म्हणजे आज माझ्यापुढचे वाहन जितक्या अंतरात थांबते तितक्या अंतरात मला थांबता आले पाहिजे; आणि वेग दुप्पट झाला की थांबायचे अंतर चौपट होते हे मी दरवर्षी नववीच्या मुलांना सांगतो. बाकीची गाडी जुनी असणे हा माझा छंद झाला, पण तिचे न थांबणे हे दुसऱ्याच्या गळ्यात पडते.

डिस्क चांगलीच आहे, यात वाद नाही. नंतरच्या बुलेटला येणारी 280 मिलिमीटरची डिस्क बसवता येते, पावसात ती लवकर कोरडी होते आणि तापल्यावरही दगा कमी देते. ड्रम तापला की फुगून शूपासून दूर जातो, डिस्क फुगली तर पॅडकडेच येते. मात्र डिस्क तेलाच्या दाबाने चालते, आणि मला हँडलवर ती तेलाची डबी नको होती. शिवाय डिस्कच्या जोरदार ब्रेकचा भार फोर्कवर (पुढचे चाक धरणाऱ्या दांड्यांवर) येतो, आणि माझ्या गाडीचा फोर्क पन्नास वर्षांचा आहे. मधला रस्ता बुलेटच्याच घरात होता: नंतरच्या गाड्यांना येणारा सात इंची, दोन कॅमचा ड्रम ब्रेक.

दोन कॅमचा फायदा काय, हे समजायला हातात काठी घ्यावी. काठी पुढे तिरकी टेकवून चालू लागलो तर ती जमिनीत रुतते. मागे ओढत नेली तर नुसती घसरत येते. साध्या ड्रममध्ये एक शू पुढच्या काठीसारखा असतो, फिरणारा ड्रमच त्याला पाचरीसारखा आत ओढून घेतो. दुसऱ्याला तोच ड्रम आपल्यापासून दूर ढकलत असतो. दोन कॅम लावले की दोन्ही शू रुतणारे होतात. त्यात सहाऐवजी सात इंच म्हणजे बळाची भुजा सहाव्या हिश्शाने लांब.

जुन्या सामानाच्या बाजारातून मी हब, ब्रेक प्लेट आणि फोर्कचे खालचे पाय असा पूर्ण संच घेतला. नुसती ब्रेक प्लेट आणून जुन्या फोर्कवर बसवायचा मोह अनेकांना होतो. ब्रेक लागतो तेव्हा प्लेटला चाकाबरोबर फिरायचे असते, आणि तिला अडवणारा जो एक कान फोर्कवर असतो त्यावर सगळा भार येतो. तो कान वेल्डिंगने "जमवलेला" असेल तर तो तुटण्याचा दिवस हा तुम्ही सर्वांत जोरात ब्रेक दाबण्याचाच दिवस असतो. अण्णांकडे हे चाकही त्याच सगळ्या संस्कारांतून गेले.

दोन कॅमच्या ब्रेकची सगळी मदार त्यांना जोडणाऱ्या दांडीवर असते. ही दांडी आधी सोडायची, दोन्ही कॅम वेगवेगळे फिरवून दोन्ही शू ड्रमला नेमके टेकतील असे धरायचे, आणि त्या स्थितीत दांडीची लांबी अशी जुळवायची की ती पिन जोर न लावता आत जाईल. पहिल्यांदा मी ती अर्ध्या फेऱ्याने लांब ठेवली आणि ब्रेक सहा इंचीपेक्षाही वाईट लागला, कारण एक शू काम करत होता आणि दुसरा पाहुणा होता. "पैसे पाण्यात," असे मुलगा म्हणाला नाही, पण तसा चेहरा त्याने दोन दिवस ठेवला. दांडी जुळल्यावर त्याच रेघेपासून तेरा पावले लागली, आणि तीही दोन बोटांनी लिव्हर दाबून.

तुळजापूर येथून सुमारे पंचेचाळीस किलोमीटर आहे आणि अलीकडे घाट आहे. परतताना घाटाच्या उतारावर मी मुद्दाम ब्रेकवर भार टाकून पाहिला. खाली आल्यावर लिव्हरचा फिरा थोडा वाढला होता, थंड झाल्यावर पूर्ववत झाला. उतारावर गाडी ब्रेकने नव्हे तर गिअरने धरावी, ही काकांची शिकवण मात्र शंभर टक्के खरी आहे. एक उणीव चढावर कळली, जी मला कोणी आधी सांगितली नव्हती: चढावर थांबल्यावर गाडी मागे घरंगळू लागते तेव्हा ड्रम उलटा फिरू पाहतो आणि दोन्ही रुतणारे शू एकदम दोन्ही घसरणारे होतात. चढावर पुढचा ब्रेक दाबून उभे राहता येत नाही, डावा पाय मागच्या ब्रेकवर लागतो. म्हणजे काका ज्या एकाच कामासाठी पुढचा ब्रेक वापरत, नेमके तेच काम हा नवा ब्रेक करत नाही.

आणखी एक लहान बदल केला. ब्रेकचा मागचा लाल दिवा फक्त पायाच्या ब्रेकवर लागत होता. पुढचा ब्रेक खरोखर धरू लागल्यावर धोका पाठीमागून येतो, म्हणून लिव्हरलाही दिव्याची कळ बसवली.

राहता राहिली कागदपत्रे. जुलै 2021 च्या केंद्राच्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीची "व्हिंटेज" म्हणून नोंदणी करता येते, पहिल्या नोंदणीला वीस हजार रुपये पडतात आणि तिला व्हीए अक्षरांचा क्रमांक मिळतो. चॅसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नसावा, अशी अट आहे. पण अशी गाडी रोजच्या रस्त्यावर चालवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कामांसाठीच काढायची. आमची गाडी वयाने पात्र आहे. मी अर्ज केला नाही, जुनी नोंदणीच दर पाच वर्षांनी वाढवून घेतो. सहा इंची ब्रेकचे जुने चाक तेलाच्या फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवले आहे. ज्याला गाडी पुन्हा मूळ रूपात आणायची असेल त्याला एक दुपार पुरेल.

गेल्या आठवड्यात काकांना मागे बसवून सिद्धेश्वराच्या तलावापर्यंत नेऊन आणले. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत. ब्रेकचे काम मी त्यांना सांगितले होते, त्यांनी "हं" एवढेच म्हटले होते. जाताना पार्क चौकात सिग्नल लागला, मी दोन बोटांनी लिव्हर दाबले, गाडी पट्ट्याच्या अलीकडे शांतपणे उभी राहिली. आणि माझ्या मागे काकांचा डावा पाय फुटरेस्टवर जोरात दाबला गेलेला मला जाणवला. पुढच्या सिग्नललाही त्यांनी तसाच दाबला.